दुकान टाकताय? आधी खुर्ची कोपराच्या उंचीला लावा

आमचं केस-दाढीचं दुकान अमळनेरला. आजोबांकडे दुकान नव्हतं, वस्तरा-कैचीची धोकटी होती. घरोघर जायचे, सुगीत खळ्यावर बलुत्याचं धान्य मिळायचं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, एका खुर्चीचं दुकान टाकलं, मी त्याच्या तीन केल्या. आप्पा साठीला आले तेव्हा त्यांच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. "उभं राही राहीसन मना पाय गयात भो," म्हणायचे. मला ते वयाचं दुखणं वाटायचं. चौतिसाव्या वर्षी माझ्याच डाव्या पायावर तशी शीर दिसली आणि मी हबकलो. आता पोराचे चुलतभाऊ, भाचे दुकान टाकायला निघाले की मला विचारायला येतात. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितोय.

नवीन दुकान म्हटलं की पोरं आधी पीओपी, लाइटिंग आणि आरशांवर पैसे घालतात. माझं ऐका, पहिला मोठा खर्च पंपाच्या खुर्चीवर करा. गिऱ्हाईक बसलं की पायाने पंप मारून त्याचं डोकं तुमच्या कोपराच्या आसपास येईल इतकी खुर्ची वर घ्या. काम करताना कोपर खांद्याच्या वर गेलं की समजा खुर्ची जास्त वर आहे. मानेवरचे केस काढताना आपण वाकतो, तिथेच कंबर जाते. त्या वेळी खुर्ची आणखी वर घ्या, नाहीतर चाकाच्या स्टुलावर बसून काम करा. बसून काम केलं म्हणजे कारागीर आळशी, हा समज आप्पांच्याही मनात होता. सहा महिने मला बसलेलं बघून मग त्यांनीही स्टूल मागितलं.

खाली फरशीवर रबरी मॅट टाका. सलूनची म्हणून मिळते ती महाग. मी गोठ्यात म्हशींखाली घालतात ती जाड मॅट आणली आणि खुर्चीच्या मापाने कापून घेतली. पाच वर्षं झाली, अजून आहे. एका जागी उभं राहिलं की पायातलं रक्त नीट वर चढत नाही, कारण ते ढकलायचं काम पिंढरीच्या स्नायूंचं असतं आणि स्नायू हललेच नाहीत तर रक्त खालीच साचतं. म्हणून गिऱ्हाईक आरशात बघत असेल तेवढ्यात वीस वेळा टाचा वर-खाली करा. शीर दिसायला लागलीच असेल तर डॉक्टरांना दाखवून मापाचे घट्ट मोजे घ्या. ते सकाळी अंथरुणातून उठताना घालायचे, पाय सुजल्यावर नाही.

आता कैची. बोथट कैची अंगठ्याचा जीव घेते. रोज रात्री केस पुसून सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडा आणि स्क्रू तपासा. एका कडीत बोट घालून कैची धरा, दुसरं पातं काटकोनात उघडा आणि सोडून द्या. पातं थोडं खाली येऊन मध्येच थांबलं तर बरोबर. धाडकन बंद झालं तर ढिली, केस दुमडून चावेल. जागचं हललंच नाही तर घट्ट, आणि तो सगळा जोर तुमच्या मनगटातून जाईल. कडीत अंगठ्याचं फक्त टोक असावं, नखाच्या मुळापुढे जाऊ नये. कापताना हलतो तो अंगठा, बाकीची बोटं स्थिर. मी पंधरा वर्षं अख्खा अंगठा आत खुपसून कापलं. नंतर सकाळी पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता.

हातांबद्दल एवढंच, डाय लावताना हातमोजे नाहीत असं एकदाही होऊ देऊ नका. काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी एकदा धरली की सहसा जन्मभर सुटत नाही. गिऱ्हाईकालाही पहिल्यांदा डाय करण्याआधी कानामागे ठिपका लावून 48 तास थांबायला सांगा. केस सरळ करण्याच्या काही ट्रीटमेंटमध्ये तापल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. एक्झॉस्ट पंखा नसेल तर ते काम घेऊ नका, पैसे कितीही मिळोत. पायात चप्पल नको, बंद बूट घाला. केसाचं कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरलं की आठवडाभर ठणकतं.

दाढीला प्रत्येकाला नवीन ब्लेड, हे आता गिऱ्हाईकच बघतं. पण तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावरून फिरतो तो बंद करा. तुरटीची पूड कापसावर घेऊन लावा आणि कापूस टाकून द्या. वापरलेली ब्लेडं जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, उघड्या कचऱ्यात नाही. कचरा उचलणाऱ्या बाईचा हात कापलेला मी पाहिलाय. हिपॅटायटिस बीची लस घ्या. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या माणसाला ती हवीच.

पैशाचा हिशेब मांडला तेव्हा माझे डोळे उघडले. मी दिवसाला 28 गिऱ्हाइकं करायचो, सरासरी 80 रुपये, म्हणजे 2,240. दर वाढवून सरासरी 100 वर नेली. काही जण तुटले, 22 राहिले. 2,200. चाळीस रुपये कमी, पण सहा माणसांचं उभं राहणं वाचलं, म्हणजे जवळपास अडीच तास. ब्लेड, क्रीम, पाणी वाचलं ते वेगळं. दर ठरवताना शेजारच्या दुकानाकडे बघण्याआधी दिवसाला आपण किती तास नीट उभे राहू शकतो ते ठरवा. माझं उत्तर आठ तास होतं.

त्या आठ तासांत दुपार धरूच नका. आपल्याकडे मे महिन्यात 44 अंशाला दीड ते चार कोण येतं? शटर अर्धं ओढा, बसून जेवा. मी पूर्वी उभ्याउभ्या भाकरीचा घास मोडायचो, आता ताट वाढून घेतो. पाणी तहान लागण्याआधी प्या, आणि लघवी दाबून धरू नका. दुकानात सोय नसेल तर शेजाऱ्याशी बोलून ठेवा. जागा बघायला जाल तेव्हा हेही बघा.

आठवडा आपल्या धंद्यात आधीच ठरलेला आहे. रविवार गर्दीचा, सोमवार बंद. मंगळवारी बरेच लोक केस कापत नाहीत, पण अमळनेरला मंगळग्रह मंदिरामुळे बाहेरगावचे लोक येतात, म्हणून मी अर्धा दिवस उघडतो. वर्षाचंही तसंच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपास लग्नांची घाई असते, तेव्हा कोणी सुट्टी मागू नये. श्रावणात बरेच जण दाढी-केस राखतात, धंदा निम्म्यावर येतो. पूर्वी मी त्या महिन्यात चिडचिड करत बसायचो. आता माझ्या आणि आप्पांच्या तपासण्या, कैच्यांना धार, दुकानाचा रंग, कानबाईच्या सणाला घरी चार दिवस, सगळं तेव्हाच. पोळा झाला की गणपतीची गर्दी सुरू होते, तोपर्यंत शरीर ताजं होतं. हलक्या महिन्याचा खर्च मात्र लग्नसराईतूनच बाजूला काढून ठेवा.

2020 च्या मार्चअखेरीपासून दुकान बंद होतं, जूनअखेरीला उघडलं तेही फक्त केस कापायला. माझ्याकडे एक महिन्याचं भाडं शिल्लक होतं. ओळखीच्या एकाकडून जड व्याजाने घेतले आणि ते फेडायला दोन वर्षं चौदा-चौदा तास उभा राहिलो. माझ्या पायाची शीर त्याच दिवसांतली. म्हणून आता तीन महिन्यांचं भाडं आणि घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवतो. कर्ज लागलंच तर 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत आपलाही आहे. पहिलं 1 लाखापर्यंत, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत, व्याज 5 टक्के, शिवाय अवजारांसाठी 15,000 पर्यंत. एका कुटुंबातून, म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली पोरं यांतून, एकालाच मिळतं, त्यामुळे घरात आधी ठरवा.

कारागीर कमाईच्या निम्म्या-निम्म्यावर असला की तो पाणी प्यायलाही थांबत नाही, कारण थांबला की त्याचे पैसे जातात. मी थोडा ठरावीक पगार आणि वर टक्केवारी असं केलं. 2017 च्या दुकाने कायद्यातली आठवड्याची सुट्टी आपल्यासारख्या छोट्या दुकानांना लागू नाही, तरी सोमवारची सुट्टी कारागिराला द्याच.

एक गोष्ट कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत. आपल्याला दहाव्याला बोलावणं येतं. बोरी नदीच्या काठी, सकाळी, बाप गेलेल्या पोराचं डोकं भादरायचं. त्याचं डोकं आपल्या हाताखाली थरथरत असतं आणि वस्तरा स्थिर ठेवायचा असतो. माझ्या शाळासोबत्याच्या वेळी मी तिथून थेट दुकानात गेलो, आणि दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकावर खेकसलो. आता तसं करत नाही. घरी येऊन अंघोळ करतो, आईजवळ बसून चहा घेतो, त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक अकराला. खुर्चीत बसलेली माणसंही मन मोकळं करतात. कोणाचं कपाशीचं कर्ज, कोणाचं पोरीचं सासर. ऐकून घ्या, पण दोन खुर्च्यांमध्ये ते सांडू देऊ नका. जास्तच जड झालं तर मी रात्री आप्पांशी बोलतो, नाव न घेता.

शटर ओढल्यावर मागच्या खोलीत चटई टाका आणि भिंतीला टेकवून पाय वर करा. पंधरा मिनिटं. फोन काउंटरवर राहू द्या. आमच्याकडे आता एका भिंतीला आम्ही दोघं असतो, मी आणि आप्पा, आणि आप्पांचे पाय माझ्याहून थोडे वर.