आयसीएनचा चार्ज मिळालाय? आधी रजिस्टरमधली शून्यं बघा

मी पीएनसी वॉर्डात (बाळंतिणींच्या) ड्युटीला होते. मेट्रन मॅडमचा निरोप आला म्हणून ऑफिसात गेले, तर त्यांनी हातात एक आदेश ठेवला. आजपासून इन्फेक्शन कंट्रोल नर्सचा, म्हणजे आयसीएनचा चार्ज तुमच्याकडे, असलेलं काम सांभाळून. सोबत एक लांबडं रजिस्टर. "आधीच्या सिस्टरांनी व्यवस्थित ठेवलंय, तसंच पुढे चालू ठेवा."

वॉर्डात येऊन रजिस्टर उघडलं. कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग, शून्य. ऑपरेशनच्या जखमेचा संसर्ग, शून्य. चौदा महिने असंच. शेवटचे पाच महिने तर एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले, शून्यांचा तिरपेपणासुद्धा सारखा. आणि मी उभी होते त्याच वॉर्डात, तीन कॉट सोडून, सिझरची एक बाई टाके उसवले म्हणून परत ॲडमिट झालेली होती.

त्या सिस्टरांना मी दोष देत नाही. ओपीडीचं इंजेक्शन रूम सांभाळून कोणी हे काम करत असेल तर शून्य हा सगळ्यात कमी वेळ खाणारा आकडा आहे. पण ज्यांना हा चार्ज नव्याने मिळतोय त्यांनी एवढं लक्षात ठेवा: सरकारी दवाखान्यात वर्षभर शून्य संसर्ग याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की कोणी शोधलेच नाहीत.

मोजायचं काय, ते आधी पक्कं करा. पेशंट ॲडमिट होताना जो संसर्ग नव्हता, अंगात मुरतही नव्हता, आणि साधारण ४८ तास उलटल्यावर दिसला, तो आपल्या खात्यावर. न्यूमोनिया घेऊनच आलेला म्हातारा आपल्या खात्यावर नाही. कॅथेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), व्हेंटिलेटर यांचे संसर्ग नुसते मोजून चालत नाही, त्यांना डिव्हाइस-दिवसांनी भागावं लागतं. म्हणजे रोज ठरलेल्या एकाच वेळी वॉर्डात जायचं आणि आज किती पेशंटला कॅथेटर आहे ते लिहायचं. महिन्याची बेरीज समजा ३०० आली आणि संसर्ग दोन निघाले, तर दर हजार कॅथेटर-दिवसांमागे ६.७. एवढंच गणित आहे. अवघड आहे ते रविवारी मोजणं. सुरुवातीला मी रविवारचा आकडा सोमवारी अंदाजाने टाकायचे. मग नाइटच्या सिस्टरना विनंती केली की ड्युटी सोपवतानाच्या ओव्हरच्या वहीत शेवटच्या ओळीत कॅथेटर किती ते लिहा. दोन महिने लिहिलं, मग विसरल्या, मग परत सांगितलं. हे असंच चालतं.

या रोजच्या मोजणीचा एक फायदा मात्र कोणी सांगितला नव्हता. कॅथेटर मोजायला कॉटपाशी गेलं की आपोआप तोंडात येतं, "हा अजून का आहे?" फिमेल मेडिकलला एका आजींचा कॅथेटर नवव्या दिवशीही तसाच. राउंडच्या डॉक्टरांना वाटत होतं सिस्टर काढतील, सिस्टरना वाटत होतं ऑर्डर येईल. आजींच्या सुनेने खरं सांगितलं, "असू द्या की सिस्टर, रात्री उठवायला लागत नाही." त्या दिवशी तो निघाला. संसर्ग टाळायचा याहून स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही.

आता शून्य येतात कुठून? पहिलं कारण, कल्चरच (जंतू ओळखायची लॅबची तपासणी) जात नाही. ताप आला की थेट वरचं अँटिबायोटिक सुरू, आणि तिसऱ्या दिवशी कोणाला तरी आठवतं की सॅम्पल पाठवायला हवं होतं. दुसरं, सॅम्पल चुकीचं. युरोबॅगेची (लघवी साठायच्या पिशवीची) तोटी उघडून बाटली भरली की रिपोर्टमध्ये तीन-चार जंतू येतात, आणि दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू असलेलं लघवीचं कल्चर व्याख्येत बसतच नाही. कॅथेटरची नळी थोडा वेळ क्लॅम्प करा, नळीवरचं सॅम्पल घ्यायचं पोर्ट स्पिरिटने पुसा, सिरिंजने तिथून घ्या. हे मी पाच वॉर्डांत स्वतः करून दाखवलं. भाषण दिलं असतं तर कोणी ऐकलं नसतं.

हात धुण्याचा विषय निघाला की सगळे मान डोलावतात, म्हणून त्यावर थोडंच लिहिते. हात कधी धुवायचे त्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण भिंतीवर लावलेले असतात, पाठही असतात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. तुम्ही वही घेऊन उभ्या राहिलात की सगळे धुतात, तुम्ही वळलात की नाही. म्हणून मी माणसांपेक्षा बाटल्यांवर लक्ष ठेवायला लागले. वॉर्डाने महिन्याला हँडरब, म्हणजे सॅनिटायझर किती वापरला? दर हजार रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर हा संघटनेचाच मापदंड आहे. आमच्या एका वॉर्डाचा हिशेब काढला तर दोन लिटरही भरेना. कारण शोधलं. बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये. "बाहेर ठेवलं की नातेवाईक नेतात हो." खरंही होतं ते. शेवटी कॉटच्या पायाशी तारेने बांधलेले स्टँड केले. दोन बाटल्या गेल्याच. बाकीच्या वापरल्या गेल्या.

सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण अर्धीच. १८४७ साली व्हिएन्नात त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आले. राहून जातं ते हे, की डॉक्टरांच्या वॉर्डात सुइणींच्या वॉर्डापेक्षा जास्त बायका दगावतात हे दोन वॉर्डांचे आकडे शेजारी ठेवल्यामुळे दिसलं होतं. आणि त्या आकड्यांवर त्याचे वरिष्ठ खूश झाले नव्हते, हेही लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडेल.

हायपोबद्दल, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाबद्दल. आमच्याकडे ५ टक्क्यांचा कॅन यायचा. १ टक्क्याचं द्रावण हवं तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. सफाईचे मामा दोन झाकणं बादलीत टाकायचे आणि वास घेऊन बघायचे. मी टक्केवारी समजावत बसले, ते "हो सिस्टर" म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी घरून नेलपॉलिश नेलं. बादलीला आतून दोन रेघा काढल्या, खालच्या रेघेपर्यंत हायपो, वरच्या रेघेपर्यंत पाणी. मामा म्हणाले, "हे आधीच करायचं ना." द्रावण दर शिफ्टला नवं करायचं, कालचं आज कामाचं नाही, आणि कॅन उन्हात ठेवायचा नाही. आमचा कॅन पंपरूमच्या पत्र्याखाली असायचा.

कचऱ्याचे चार रंग २०१६ च्या नियमांत आहेत आणि चार्ट सगळीकडे लागलेत, तो विषय तुम्हाला कोणीही शिकवेल. मी फक्त सुयांचं बोलते. एका मावशींना पिवळ्या पिशवीतली सुई टोचली, त्यांनी आठ दिवस कोणाला सांगितलं नाही. "बोलणी खावी लागतील" म्हणून. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवीत. त्यांची वेळ निघून गेली होती. नशिबाने पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या, पण ते महिने त्या बाईने कसे काढले ते मी पाहिलंय. पहिल्या आठवड्यातच प्रत्येक मामा-मावशीला सांगा: टोचली तर दाबून रक्त काढू नका, साबण-पाण्याने धुवा आणि थेट कॅज्युअल्टीत जा, मला रात्री दोनला फोन केला तरी चालेल. आणि कंत्राटी लोकांना हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का ते बघा. कायमच्या स्टाफचे झालेले असतात, यांचे राहतात.

ओटीबद्दल (ऑपरेशन थिएटर) तुमचं जुन्या लोकांशी भांडण होणार, तयारी ठेवा. दर शनिवारी फॉर्मलिनचं फॉगिंग आणि महिन्याला भिंतींचे स्वॅब, यालाच इन्फेक्शन कंट्रोल समजणारी पिढी अजून नोकरीत आहे. फॉर्मलिन हे कर्करोगकारक आहे, आणि फरशी-टेबल नीट घासून पुसलेलं असेल तर धुराने त्यात भर पडत नाही. जानेवारी २०२० ची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची पुस्तिका केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने काढलेली आहे, ती प्रिंट काढून जवळ ठेवा. सरकारी दवाखान्यात तुमच्या मतापेक्षा छापील कागदाला वजन असतं.

आता परत त्या टाके उसवलेल्या बाईकडे.

जखमेचा संसर्ग ऑपरेशनपासून ३० दिवसांपर्यंत मोजायचा असतो, इम्प्लांट बसवला असेल तर ९०. आमच्या सिझरच्या बायका सातव्या दिवशी घरी जायच्या. टाक्यातून पाणी यायला लागायचं दहाव्या-बाराव्या दिवशी, आणि तेव्हा त्या गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नाहीतर खासगीत जायच्या. रजिस्टर अर्थातच शून्य. मी डिस्चार्जच्या वेळी फोन नंबर घ्यायला लागले. फोन नवऱ्याकडे, तो शेतात. सासऱ्याला विचारलं तर "सगळं चांगलंय" एवढंच. मग आशाताईंचेही नंबर घेतले. प्रश्न तीनच: टाके ओले आहेत का, ताप येतो का, परत कुठे दाखवलं का.

तीन महिन्यांत शून्याचे अकरा झाले.

मीटिंगमध्ये तो आकडा वाचला तेव्हा शांतता पसरली. कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, कायाकल्पचं मूल्यांकन तोंडावर आलंय आणि तुम्ही हे काय काढलंय?" (कायाकल्प म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची पुरस्कार योजना.) लेखी खुलासाही मागितला गेला. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. पण अकरा नावांपुढे ऑपरेशनच्या तारखा होत्या. त्या मांडल्या तर सात जणी सोमवार-मंगळवारच्या. रविवारी सीएसएसडीत (कपडे-हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचा विभाग) एकच माणूस, तो दोन दिवसांचे गाऊन आणि ड्रेप एका ड्रममध्ये ठासून भरायचा. ड्रमवरची टेप काळी व्हायची. आम्ही एका ड्रमच्या मधोमध इंडिकेटरची पट्टी ठेवून बघितली, ती रंग न बदलता जशीच्या तशी बाहेर आली. बाहेरची टेप फक्त सांगते की ड्रम गरम झाला, वाफ आतपर्यंत पोचली का ते नाही. त्या दिवसापासून तळहात आत सरकेल इतकीच भरती, आणि प्रत्येक ड्रमच्या पोटात एक पट्टी. आदल्या रात्री ब्लेडने शेव्हिंग करणंही बंद करायला लावलं, आणि अँटिबायोटिक चीर घेण्याआधीच्या तासाभरात जातंय का ते ओटीच्या फळ्यावर वेळेसकट लिहायला सुरुवात केली. यातल्या नेमक्या कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही, पण पुढच्या तीन महिन्यांत अकराचे चार झाले. सर्जनना त्यांचे-त्यांचे आकडे बंद पाकिटात द्यायला लागले, नाव जाहीर न करता. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जिथे अशी देखरेख, माणसं आणि आकडे सर्जनना परत कळवायची पद्धत होती तिथले संसर्ग ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं होतं. आमच्या एका सरांनी पाकीट उघडून बघितलं, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्क्रबला दोन मिनिटं जास्त उभे होते.

करिअर म्हणून विचाराल तर: सरकारीत बऱ्याच ठिकाणी हे वेगळं पद नाही, वेगळा भत्ता नाही. रात्रपाळी सुटते, पण फोन सुटत नाही. एनएबीएचमुळे (हॉस्पिटलांच्या दर्जाची मान्यता) खासगी हॉस्पिटलांना अनुभवी आयसीएन लागतात, माझ्या ओळखीच्या दोघी तिकडे गेल्याही. मायक्रोबायोलॉजिस्टशी मैत्री ठेवा, सीएसएसडीतल्या माणसाशी त्याहून जास्त. वॉर्डात पोलिसासारखं जाऊ नका, ड्रेसिंगला हात लावा, मग बोला.

हे लिहितेय तेव्हा समोर या महिन्याची फोनची यादी आहे. एक नंबर चार दिवस लागत नाहीये. आशाताई म्हणाल्या, बाळंतीण माहेरी गेली, तिथला नंबर संध्याकाळपर्यंत मिळवते. आज तिचा सव्विसावा दिवस आहे.