भिडूच्या वीक टूवर डबल आला? या चुका टाळा

ब्रिजमध्ये भिडूने २ बदाम अशी वीक टू बोली (दुबळ्या हातात एका रंगाची सहा पाने असताना दुसऱ्या पातळीवर केलेली सुरुवात) लावली, उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने डबल दिला आणि पाळी तुमच्यावर आली, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो 'आता आपण किती बुडणार' हा. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका याच विचारातून जन्मतात. हा डबल दंड दुप्पट करण्यासाठी नसून टेकआउटचा असतो. तो देणाऱ्याकडे बदाम थोडे आणि उरलेले तीन रंग बरे असतात, आणि त्याला हवे असते ते स्वतःच्या भिडूने बोलणे. त्या भिडूला, म्हणजे तुमच्या डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याला, बोलायला किती जागा ठेवायची, एवढेच तुम्हाला ठरवायचे असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जुळणी, म्हणजे भिडूच्या रंगाची पुरेशी पाने, असताना भित्रेपणा करणे. माझ्याच हातून झालेला एक डाव सांगतो. आम्ही नॉन-व्हल्नरेबल होतो, प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल (म्हणजे त्यांचे दंड आणि बक्षिसे दोन्ही मोठी). माझी पाने अशी होती: इस्पिक ६, बदाम राणी ९ ७ ४, चौकट १० ८ ५ ३, किलवर राजा ७ ४ २. पाचच पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ या हिशेबाने) पाहून मी ३ बदामवर थांबलो. डावीकडून ३ इस्पिक आले, उजवीकडच्याने ते ४ केले, आणि बरोबर दहा हात करून त्यांनी ६२० गुण नेले. भिडूकडे बदामची सहा पाने, माझ्याकडे चार, म्हणजे दोघांत मिळून दहा हुकूम होते. ४ बदाम बोललो असतो, तर डावीकडच्याला इस्पिक पहिल्यांदाच चौथ्या पातळीवर बोलावे लागले असते, आणि डबल होऊन आम्ही दोन हातांनी बुडालो असतो तरी ३०० गुणांतच सुटलो असतो.

जितके हुकूम तितक्या हातांपर्यंत बोलावे, हा हिशेब झाँ-रने व्हेर्न या फ्रेंच खेळाडूच्या सिद्धान्तावर उभा आहे. त्याने तो १९६९ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे मांडला. बोलीचा आकडा सहाच्या वर किती हात करायचे ते सांगतो, म्हणून नऊ हुकूम असतील तर तिसरी पातळी, दहा असतील तर चौथी. मात्र हा हिशेब व्हल्नरेबिलिटी पाहून लावायचा असतो. आपण व्हल्नरेबल आणि ते नसतील, तर डबलमध्ये दोन हात बुडाल्यावर ५०० जातात, आणि त्यांचा इस्पिकचा गेम, म्हणजे मोठे बक्षीस देणारी ४ इस्पिकची बोली, तर ४२० चाच असतो. अशा वेळी हातात सपाट ४-३-३-३ वाटणी असेल, तर मी एक पायरी खालीच थांबतो.

बदामची तीन पाने असताना ३ बदाम बोलण्याचा आणखी एक फायदा सहसा लक्षात येत नाही. अनेक जोड्या या जागी लेबेन्सोल खेळतात, म्हणजे डावीकडचा प्रतिस्पर्धी २ नो ट्रम्प (बिनहुकुमी) बोलून आपली पाने दुबळी असल्याचे कळवू शकतो आणि थेट तिसऱ्या पातळीवरची बोली चांगल्या पानांसाठी राखून ठेवतो. तुम्ही ३ बदाम बोललात की ती सोय बंद होते. तुम्ही पास दिलात, तर ती तुम्हीच त्यांच्या हाती ठेवली असे होते.

याच चुकीचे भावंड म्हणजे दोन हप्त्यांत बोलणे. आधी ३ बदाम, मग त्यांनी ३ इस्पिक म्हटल्यावर ४ बदाम, असे केले की त्यांना आपसांत माहिती देऊन झालेली असते आणि तुम्हाला डबल द्यायचा की पुढे जायचे, हे ते निवांत ठरवतात. जिथवर जायचे आहे तिथे पहिल्याच बोलीत जावे. तुमची पाने जोरदार आणि जुळणीची असली तरीही रिडबल (त्यांच्या डबलवर पुन्हा डबल) न करता सरळ ४ बदामच बोलावे, कारण ही बोली दुबळ्या पानांची की गेम करण्याची, हे त्यांना ओळखता येत नाही.

बदामचे एकच पान आहे म्हणून पळ काढणे, ही उलट्या दिशेची चूक. इस्पिकची पाच-सहा पाने दिसली की हात शिवशिवतात, पण डबल देणाऱ्याने इस्पिकची तयारी दाखवलेलीच असते आणि भिडूने मात्र इस्पिकबद्दल काहीही कबूल केलेले नसते. डावीकडचा बहुतेक वेळा बोलतोच. पास द्यावा, आणि तोही लगेच. बराच वेळ घुटमळून दिलेला पास भिडूला बरेच काही सांगून जातो, आणि त्या माहितीचा फायदा घ्यायला नियम त्याला मनाई करतात.

रिडबल कशासाठी असतो, याबद्दलही गोंधळ दिसतो. इस्पिक एक्का राणी ८ ३, बदाम ६, चौकट राजा राणी १० ४, किलवर एक्का गुलाम ९ ५, असे सोळा पॉइंट असतील तर रिडबल शोभतो. ते जिथे पळतील तिथे त्यांना डबल देण्याची ती तयारी असते. त्यानंतर ओपनरने, म्हणजे वीक टू बोललेल्या भिडूने, घाबरून बोलू नये. रिडबल झालेले २ बदाम पुरे झाले, तर नॉन-व्हल्नरेबल असतानाही ६४० गुण मिळतात.

नव्या रंगाचा अर्थ आधी ठरवलेला नसणे, हे या जागी वारंवार होणाऱ्या भांडणांचे मूळ आहे. मला मॅकेब पद्धत पटते. तिच्यात तिसऱ्या पातळीवरचा नवा रंग म्हणजे बदामची जुळणी आणि त्या रंगाच्या उतारीची मागणी. स्वतःच्याच रंगात खेळायचे असेल तर २ नो ट्रम्प बोलायचे, ओपनरने ३ किलवर बोलायचे आणि मग पास द्यायचा किंवा आपला रंग सांगायचा. समजा तुमच्याकडे इस्पिक ७ ४, बदाम १० ८ ५, चौकट एक्का राणी ९ ४, किलवर ८ ६ ५ ३ आहेत. डावीकडच्याने इस्पिकमध्ये गेम गाठला, तर पहिली उतारी भिडूची असेल. तुम्ही ३ बदाम बोलला असाल, तर तो एक्क्याखालून बदाम उतरवून त्यांना फुकट हात देऊ शकतो. ३ चौकट बोलला असाल, तर चौकटच येईल. मात्र मधे कोणी बोलले नाही, तर ओपनरला ३ बदामवर परत यावेच लागते. चौकटची दोनच पाने असताना त्याने ३ चौकटवर पास देऊन तुम्हाला त्या चार पानांच्या रंगात खेळायला लावलेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.