कासच्या फुलांचे फोटो हलके करताना

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठारावरून यवतेश्वराचा घाट उतरून घरी आले की माझ्या कार्डात दोनशे-अडीचशे फोटो असतात. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे प्रत्येक फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा. एकेकाचं वजन 8 ते 12 एमबी. त्यातले चाळीस निवडून मी वर्गातल्या मुलांसाठी फुलांची ओळख करून देणारा संच बनवते. मुलं बामणोलीच्या बाजूच्या वाड्यांतली. घरात मोबाइल एकच, आणि रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात. पहिल्या वर्षी मी फोटो होते तसेच ड्राइव्हवर टाकले, चारशे एमबीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, गोल फिरतोय नुसता." आता तोच संच 10 एमबीत बसतो, आणि कवल्याच्या पिवळ्या पाकळीवरचे दोन तांबडे ठिपके तसेच स्पष्ट दिसतात.

सर्वांत आधी मूळ फोटोंची प्रत काढा आणि जे काही करायचं ते प्रतीवर. हे मी फार कळकळीने सांगते आहे. एका वर्षी मी टोपली कारवीच्या फोटोवर त्याचीच लहान आवृत्ती सेव्ह केली. पुढे शाळेसाठी चार फुटी फ्लेक्स करायचा ठरला, तेव्हा हातात होते फक्त 1600 पिक्सेल. इंचाला जेमतेम 33. जवळून पाहिलं तर फुलाऐवजी चौकटीच दिसत होत्या. मूळ फोटो परत मिळाला नाही. आणखी एक: जेपेग, म्हणजे फोटो साठवायचा नेहमीचा फाइल-प्रकार, उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दरवेळी थोडी झीज होते. म्हणून दुरुस्ती करायची असेल तर पुन्हा मूळ फोटोपासूनच सुरुवात करा.

मग मापं कमी करायची. खरी बचत इथे आहे, आणि बरेच जण हे सोडून थेट क्वालिटीचा (सेव्ह करताना 100 पर्यंत निवडता येणारा) आकडा खाली ओढतात. मोबाइलवर किंवा साध्या लॅपटॉपवर बघायच्या फोटोला 1600 पिक्सेल रुंदी पुरते. 6000 वरून 1600 वर आलात की पिक्सेल चौदावा हिस्सा उरतात, आणि पडद्यावर फरक कळत नाही, कारण तेवढे पिक्सेल पडदा मुळात दाखवतच नव्हता. त्याआधी कडेची नको असलेली जागा कापून टाका. फूल मधोमध आणि भोवती हातभर गवत असेल तर ते गवतही फाइलमध्ये जागा खातं. माप कमी केल्यावर चित्र किंचित मऊ वाटतं. तेव्हा थोडंसं शार्पन करा, म्हणजे कडा ठळक करा, अगदी थोडं, नाहीतर पाकळ्यांच्या कडेला पांढरी किनार येते.

आता क्वालिटी. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोनातले डोळ्याला कमी जाणवणारे बारीक फरक टाकून देतो. आकडा जितका खाली, तितकं जास्त टाकलं जातं. सगळ्या फोटोंना एकच आकडा लावू नका, हे मला कासनेच शिकवलं. गेंदाच्या हजारो पांढऱ्या बोंडांनी भरलेलं पठार बघा. त्यात तपशील एवढा, की फाइल मोठी होते. पण 70 वर नेलं तरी दोष त्या गर्दीत लपून जातो. उलट धुक्यात बुडालेल्या कास तलावाचा फोटो आपोआप हलका होतो, पण 75 च्या खाली गेलात की धुक्यात पायऱ्या आणि चौकोन दिसायला लागतात. त्याला मी 85 ठेवते. धुक्याची फाइल मुळातच लहान, मग तिथे काटकसर कशाला?

तेरड्याची गोष्ट आणखी वेगळी. जेपेग बहुतेक वेळा उजेडाची माहिती पूर्ण ठेवतो, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांमागे एकच. एरवी ते डोळ्याला समजत नाही. मात्र हिरव्यागार पानांवर गडद गुलाबी पाकळी आली की कडेला रंग ओघळल्यासारखा वाटतो. अशा फोटोला जिंप या फोटो-दुरुस्तीच्या मोफत प्रोग्रॅममध्ये एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंग 4:4:4 निवडा, म्हणजे रंगाची माहितीही प्रत्येक पिक्सेलची राहते. फाइल थोडी वाढेल, वाढू द्या.

क्वालिटीचा आकडा ठरवायला मी स्क्वूश ही वेबसाइट वापरते. ते ब्राउझरमध्येच चालतं, मधली रेघ सरकवली की एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला नवा फोटो दिसतो, खाली वजन. फोटो 100 टक्क्यांवर ठेवूनच तुलना करा. तिप्पट मोठं करून बघितलं तर कुठलाही फोटो वाईटच दिसेल, आणि उगाच वजन वाढवून बसाल. तिथेच वेबपी हा फाइल-प्रकारही मिळतो. दिसायला तेवढाच चांगला, पण बहुधा जेपेगपेक्षा लहान. हातातला मोबाइल फार जुना असेल तर जेपेगच बरा. पानांच्या आकृत्या, नावं लिहिलेली रेखाचित्रं मात्र पीएनजी या फाइल-प्रकारात ठेवा आणि रंग 256 पर्यंत उतरवा. जेपेगमध्ये अक्षरांभोवती कचरा जमतो.

फोटोतली लपलेली माहितीही काढून टाका. त्यात काही केबी वाचतात, पण माझं कारण दुसरं आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुरा नेमका कुठे उगवलाय, हे सगळ्या जगाला कळायची गरज नाही. लोक शोधत येतात आणि सड्यावरची नाजूक झाडं पायाखाली जातात.

चाळीस फोटो एकेक करायला कंटाळा येत असेल तर इरफानव्ह्यू हा विंडोजवरचा फोटो बघायचा प्रोग्रॅम उघडून कीबोर्डवरचं B दाबा. बॅचमध्ये, म्हणजे सगळे फोटो एकदम करायच्या खिडकीत, माप आणि क्वालिटी एकदाच द्यायची. मी दोन फोल्डर करते: धुकं-आभाळाचं 85 वर, गवत-फुलांचं 72 वर. तेरडा तेवढा हाताने.

आणि तयार झालेले फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका, तिथे ते पुन्हा दाबून लहान केले जातात. डॉक्युमेंट म्हणून जोडा.