ओव्हर-इअर हेडफोनचे पॅड बदलणं आणि आवाज जागेवर आणणं

हेडफोन काढल्यावर कानामागे, गालावर, पांढऱ्या ओढणीवर काळे पापुद्रे चिकटलेले दिसायला लागले की बहुतेक जण कापडी टेप गुंडाळून तसंच रेटतात, नाहीतर सरळ नवा हेडफोन शोधायला लागतात. दोन्हीची गरज नसते. पॅड, म्हणजे कानाभोवतीची गादी, बदलणं हे घरच्या घरी, टेबलावर टॉवेल अंथरून करता येण्याजोगं काम आहे. ते नीट केलं तर आवाजही सुधारतो, कारण पॅड हा आवाजाचाच एक भाग आहे.

रत्नागिरीत घरी बसून मी मराठी ऑडिओबुकचं एडिटिंग करते, अधूनमधून भजनी मंडळांची रेकॉर्डिंग साफ करून देते. हातात सोनीचा एमडीआर-७५०६ असतो. १९९१ पासून बाजारात असलेलं हे मॉडेल: बंद पाठीचा, ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), ६३ ओहम, गुंडाळीची केबल. खाली कृती याच हेडफोनची सांगते, पण तत्त्व सगळीकडे तेच.

आधी पॅड का सुटतात ते. पॅडवरचं काळं आवरण म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर, आपल्या भाषेत रेक्झिन. दमट हवा, घाम आणि केसांचं तेल यांनी तो हळूहळू तुटतो. हवेतली वाफसुद्धा त्याला पुरते, म्हणून डब्यात न वापरता ठेवलेले पॅडही काही वर्षांनी सोलतात. कंपनी कुठलीही असो, या थराचा हाच स्वभाव. कोकणात पावसाळ्याचे चार महिने त्याला चांगलेच जड जातात. तेव्हा स्वस्त मिळाले म्हणून तीन-चार जोड्या घेऊन कपाटात ठेवू नका. लागतील तेव्हा ताजे घ्या.

आता आवाजाचं. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये हवेचा एक छोटा बंद कप्पा तयार होतो. खालच्या सुरांचा दाब त्या बंदपणावर टिकतो. पॅडला भेग पडली, फोम बसला, कडेनं हवा जायला लागली की डग्ग्याचा घुमारा, पखवाजाचा धुमकार, पुरुषी आवाजाची छाती हे सगळं आधी जातं. वरचे सूर जवळपास तसेच राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं हेडफोन कर्कश झाला. प्रत्यक्षात तळ गेलेला असतो. शिवाय फोम चेपल्यामुळे कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, कानाची पाळी आतल्या प्लास्टिकला टेकते, आणि वरच्या सुरांचा तोलही बदलतो.

म्हणून खरेदीआधी एक चाचणी करा. तबल्याची ओळखीची रेकॉर्डिंग लावा, दोन्ही कप तळव्यांनी अगदी हलके कानाकडे दाबा. डग्गा एकदम भरून आला तर दोष पॅडचा. दाबूनही एका बाजूचा आवाज कमीच राहिला तर केबल, जॅक किंवा ड्रायव्हर तपासायला हवा, पॅडवर पैसे घालू नका. आणखी खात्री हवी असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, जनरेट मेनूतलं चर्प उघडा, २० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत ३० सेकंदांचा चढता सूर तयार करा आणि आवाज कमी ठेवून ऐका. मध्येच फर्रर्र असं ऐकू आलं तर ड्रायव्हरच्या पडद्यावर केस पडलेला असण्याची शक्यता मोठी. तो पॅड काढल्यावर सापडेल.

पॅड कोणते घ्यायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. रेक्झिनचे पॅड हवा अडवतात, तळ भरीव ठेवतात, पण कान घामेजतो. मखमली म्हणजे वेलूरचे पॅड मे महिन्यात सुख देतात, पण त्यांच्यातून हवा झिरपते, त्यामुळे बहुतेक बंद हेडफोनमध्ये बेस उतरतो आणि आवाज उजळ होतो. छिद्रांच्या रेक्झिनचे पॅड या दोहोंच्या मध्ये. ७५०६ वर बायरडायनॅमिकच्या डीटी २५० चे वेलूर पॅड बसवणारे पुष्कळ आहेत. आरामाच्या दृष्टीनं ते मलाही आवडले. पण ७५०६ मुळातच वरच्या बाजूला तिखट. त्याचा तळ आणखी उतरला की निवेदकाच्या आवाजाचं वजन मला ठरवता येत नाही, म्हणून कामासाठी मी रेक्झिनच ठेवते. वेलूर म्हणजे बेस गेलाच असंही नाही. बायरडायनॅमिकचाच डीटी ७७० प्रो हा बंद हेडफोन कंपनीकडूनच वेलूर पॅडसह येतो आणि त्याचा खर्ज भक्कम आहे, कारण त्याची रचनाच त्या पॅडला धरून केलेली आहे. मूळ पॅड ज्या जातीचा, त्याच जातीचा नवा घेतलात तर आवाज मूळपदावर येतो. जात बदललीत तर आवाज बदलतो, हे मनाशी धरून बदला.

जाडीही बघा. जास्त जाड पॅड कान ड्रायव्हरपासून लांब नेतो. कानाला मोकळं वाटतं, पण आवाजाचा तोल सरकतो. चष्मा लावत असाल तर मेमरी फोम घ्या, तो काडीभोवती बसतो आणि फट कमी राहते. मोठ्या कुड्या किंवा झुमके मात्र कुठलाच पॅड झाकू शकत नाही, कामाला बसताना ते काढून ठेवलेले बरे. दुकानातून घेताना, मग ते पुण्याच्या तपकीर गल्लीतलं असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, जुना पॅड सोबत न्या. बाहेरची लांबी-रुंदी, आतलं भोक आणि कपाच्या कडेत अडकणारी मागची झालर, तिन्ही समोरासमोर धरून बघा. आतलं भोक लहान निघालं तर कान दाबला जातो, आणि ते पाच मिनिटांत कळत नाही, दोन तासांनी कळतं.

आता प्रत्यक्ष काम. हेडफोन प्लेयरपासून सोडवा. टॉवेलवर कप वर तोंड करून ठेवा. ७५०६ ची केबल डाव्या कपातून निघते, त्यामुळे डावा-उजवा चुकायचा प्रश्न नाही. अंगठ्यानं पॅडची कड एका जागी बाहेर ओढा. पॅडच्या मागे रेक्झिनची एक पातळ झालर असते आणि ती कपाच्या कडेमागे अडकवलेली असते, बस. एक इंच सुटली की बाकीची आपोआप गोल फिरत येते. पेचकस किंवा सुरी घालायची गरज नाही. हत्यार निसटलं तर समोर ड्रायव्हरच असतो.

पॅड निघाल्यावर खाली स्पंजची पातळ चकती दिसेल. जुन्या हेडफोनमध्ये ती हात लावताच भुगा होते. हा भुगा काढताना तोंडानं फुंकर मारू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर जवळही आणू नका. आतला पडदा अतिशय पातळ असतो, झोतानं चेमटतो. कप उपडा धरा आणि मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशनं हलके झाडा, म्हणजे कचरा खाली पडतो. कडेला चिकटलेले रेक्झिनचे तुकडे चिकटपट्टीनं टिपा. चिकट डाग राहिले तर मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर थोडंसं घेऊन फक्त कडेचं प्लास्टिक पुसा. ड्रायव्हरच्या जाळीवर थेंबही नको. केस दिसला तर चिमट्यानं जाळीच्या बाहेरचं टोक धरून सावकाश ओढा.

चकती फाटली असेल तर नवी घालाच. नव्या पॅडसोबत कधी ती येते, कधी येत नाही. नसेल तर पातळ, हवा आरपार जाणारा फोम गोल कापून ठेवा. तोंडासमोर धरून फुंकर सहज पलीकडे गेली तर तो फोम चालतो. ही चकती केस आणि धूळ अडवते, वरच्या सुरांची धारही किंचित बोथट करते. ती न घालता ऐकाल तर 'स' आणि 'श' टोचतील.

नवा पॅड बसवणं हा भाग अंगठ्यांची परीक्षा घेतो. पॅड थोडा वेळ उन्हात ठेवा, झालर मऊ पडते. खालच्या टोकाला झालर कडेमागे अडकवा, तिथे एका अंगठ्यानं दाबून ठेवा आणि दुसऱ्या हातानं पॅड गोल फिरवत न्या. उशीला अभ्रा चढवताना शेवटचा कोपरा जसा ओढून घेतो, तसा शेवटचा इंच ओढून घ्यावा लागतो. नखं लावू नका, झालर फाटते. अडलंच तर जुन्या एटीएम कार्डाचं गोल टोक वापरा. बसल्यावर पूर्ण कडेवरून बोट फिरवा. कुठे दुमड राहिली असेल तर तिथूनच हवा जाणार, आणि नवा पॅड असूनही बेस येणार नाही.

इतर हेडफोनची पद्धत थोडी वेगळी. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स आणि डीटी ७७० यांना अशीच झालर. सेनहायझर एचडी ६०० चा पॅड खटक्यांवर बसतो, बोटं मागे घालून सरळ ओढला की निघतो, आणि नवा गोल दाबत गेलं की टकटक आवाज करत बसतो. बोसच्या क्यूसी ३५ सारख्या नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या, हेडफोनमध्येही खटके आहेत, पण तिथे पॅड फार विचार करून निवडा. आतला माइक कानाजवळचा आवाज मोजून उलटी लहर तयार करतो. पॅडमुळे तो कप्पा बदलला किंवा गळू लागला की नॉइज कॅन्सलिंग ढिलं पडतं. अशा हेडफोनला मूळ पॅडच घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

आवाज खरंच बदलला, की फक्त आपल्यालाच तसं वाटतंय, हे ओळखायची एक युक्ती सांगते. दोन्ही पॅड एकदम बदलू नका. आधी एकच बदला आणि मोनो रेकॉर्डिंग लावा, म्हणजे दोन्ही कानांत अगदी तोच आवाज जातो. मग हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐका, कारण आपले दोन कानही सारखे नसतात. फरक पॅडबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो पॅडचा. त्यानंतर दुसरा पॅड बसवा. नवा फोम पहिले काही दिवस कडक असतो, डोक्याच्या आकाराला बसायला वेळ घेतो. इक्वलायझरला, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला, तोवर हात लावू नका.

इक्वलायझर शेवटी. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. ७५०६ वर 'स' खुपत असेल तर ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चढता सूर वाजवून सगळ्यात टोचणारी जागा शोधा आणि तिथे २-३ डेसिबल कमी करा. निवेदकाच्या तोंडातले चिकट आवाज पकडताना मी हे बंद ठेवते, कारण तेव्हा ती धारच उपयोगी पडते. पुस्तक ऐकायला बसले की चालू करते. तयार सेटिंग उतरवून घेणार असाल तर एक लक्षात घ्या: ती मूळ पॅड लावून मोजलेली असतात. वेगळे पॅड लावले असतील तर ती जशीच्या तशी चालत नाहीत. गळक्या पॅडचा बेस इक्वलायझरनं वाढवायला गेलात तर ड्रायव्हरवर ताण पडतो आणि आवाज फाटतो, घुमारा काही परत येत नाही.

काम झाल्यावर रोज कोरड्या सुती कापडानं पॅड पुसा, आणि केसांना तेल लावलं असेल त्या दिवशी पातळ सुती रुमाल मध्ये घ्या. थोडा बेस कमी होतो, पण त्या दिवशी फक्त ओबडधोबड काटछाट करावी. पावसाळ्यात हेडफोन प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, उघड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांजवळ टांगा. आणि बसवण्यापूर्वी पॅडच्या आतल्या बाजूला मार्करनं महिना आणि वर्ष लिहून ठेवा. पुढच्या वेळी आवाज पातळ वाटला की कुठून शोधायला लागायचं ते कळतं.