ब्रेक शू बदलले का? कोल्हापूर ते रत्नागिरी सायकलवर जाणाऱ्यांसाठी

डिसेंबरात आपल्यातले सहा जण आंबा घाट उतरून समुद्रावर जायचं म्हणताहेत, म्हणून लिहितो. मी हे एकदा केलंय. म्हणजे अर्धं सायकलवर आणि अर्धं टेम्पोत. हेल्मेट, पंप, दोन ट्यूब, पाणी हे सांगत बसत नाही. ज्याला तेही सांगावं लागतं, त्यानं सध्या इथे नागपुरात फुटाळा तलावालाच चकरा माराव्यात.

पहिलं काम: ब्रेक शू, म्हणजे चाकाच्या रिमवर दाबले जाणारे रबरी तुकडे, नवे टाका. निघायच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी, म्हणजे रिमवर नीट बसतील.

आपण नागपूरकर तयारी करतो चढाची. सेमिनरी हिल्सला दहा चकरा, रविवारी रामटेकचा गड, मांड्या भरल्या की घाट मारलाच समजा! अरे, पण देशावरून कोकणात जाताना घाट उतरायचा असतो. कोल्हापूर ५५० मीटरवर, रत्नागिरी समुद्राला लागून, आणि मधली उंची बहुतेक एकाच दमात खाली येते. इथे ब्रेक लागतो सिग्नलपुरता, त्यामुळे शू दोन-दोन वर्षं टिकतात आणि आपण ते विसरून जातो. मी विसरलो. घाटाच्या चौथ्या की पाचव्या वळणावर ब्रेकची लिव्हर थेट हँडलच्या दांडीला टेकली आणि रिमवरून खर्रर्र आवाज आला. रबर संपून आतलं लोखंड घासत होतं. समोरून उसाचा ट्रक चढत होता, डावीकडे कठडा. पाय घासत कसाबसा थांबलो आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चालत उतरलो. खाली साखरप्यात दुरुस्तीवाल्या काकांनी प्रेमानं डबा उपडा केला, तर त्यात सगळे काळ्या सायकलच्या रॉड ब्रेकचे रबर. माझ्या व्ही-ब्रेकला (केबलनं ओढले जाणारे, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक) त्यांचा काय उपयोग? पुढे टेम्पो.

तर, शूवरच्या खाचा बघा. खाच दिसत नसेल तर शू संपला, ‘अजून चालेल’ म्हणायचं नाही. रबरात रुतलेली खडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे कण टोकदार वस्तूनं काढा. डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नये, तुमचेही पॅड झिजतात, आणि ते चाक काढल्याशिवाय धड दिसत नाहीत. केबलची एक जरी तार सुटली असेल तर ती बदला. शूची एक जोडी आणि ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की पुढच्या पिशवीत, हाताशी. बॅगेच्या तळाशी नको. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, रिम तापून ट्यूब जाते. वळणाच्या आधी दोन्ही दाबा, वेग पाडा, मग सोडा.

गाडी महाराष्ट्र एक्सप्रेस. नागपूरला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूर. सायकल पार्सलला देताना लाइट, बाटल्या, मीटर काढून घ्या, नाव आणि फोन पुठ्ठ्यावर लिहून फ्रेमला बांधा. पार्सल सुटायला वेळ लागतो, म्हणून ती संध्याकाळ मोकळीच ठेवा. सायकल हातात आल्यावर सगळ्यात आधी ब्रेक. हो, पुन्हा. प्रवासात काही वाकलं तर शू रिमऐवजी टायरला घासतो.

पहाटे उजाडताना निघा. एकूण १३० किलोमीटरच्या आसपास. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर (हे शाहूवाडीचं, बुलढाण्याचं मलकापूर गाडीतून येताना मागे गेलं), मग आंबा. मलकापुरात पोटभर खा. रस्त्याला लोक ‘रत्नागिरी-नागपूर महामार्ग’ म्हणतात, त्यामुळे पाटी बघून उगाच भरून येतं. फोटो एक काढा, सहा नाही. चौपदरीकरणामुळे मध्येच खडी लागते, तिथे पुढचा ब्रेक जपून. आंब्याला सकाळी धुकं असतं, मागचा लाल दिवा लावाच. घाटाच्या तोंडाशी थांबून लिव्हर दाबून बघा. दांडीपासून दोन बोटं लांब राहिली तरच खाली जायचं.

घाट उतरला म्हणजे सपाटी आली असं वाटेल, पण कोकणात सपाटी नसते. साखरप्यापासून नाणीज, पाली, हातखंब्यापर्यंत चढ-उतार, चढ-उतार. आपल्याकडे घाम वाळतो, तिथे तो अंगावरच राहतो, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. मीठ-साखर-लिंबू आणि संत्री ठेवा. हा तुकडा दुपारच्या उन्हात येतो. घाई नको, कारण डिसेंबरात रत्नागिरीला सूर्य नागपूरपेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा मावळतो.

पुढचं थोडक्यात. हातखंब्याला मुंबई-गोवा हायवेवर एकत्र राहा. खोली आधी ठरवा. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सायकल घालू नका, चेनची वाट लागते. रात्री चेन पुसून तेल. परतीचं तिकीट आत्ताच काढा.

रविवारी सकाळी सातला फुटाळ्यावर सायकली घेऊन या. मी प्रत्येकाची लिव्हर दाबून बघणार आहे. ज्याची दांडीला टेकली, त्याची सायकल पार्सलला जाणार नाही.