नव्या टीव्हीचे बटण लर्निंग रिमोट शिकत नसेल तर

लर्निंग रिमोटला, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकून साठवणाऱ्या रिमोटला, दोष देण्यापूर्वी टीव्हीचा मूळ रिमोट इन्फ्रारेड किरण सोडतो का, हे तपासावे. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून, शक्यतो पुढचा, रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि एकेक बटण दाबावे. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर त्या बटणाचा संकेत शिकवता येतो. अनेक नव्या रिमोटमध्ये पॉवर आणि आवाजाची बटणे इन्फ्रारेडवर, तर बाकीची ब्लूटूथवर चालतात, आणि ब्लूटूथचा संकेत लर्निंग रिमोट टिपूच शकत नाही. अशा वेळी त्याच कंपनीच्या टीव्हीचा साधा इन्फ्रारेड रिमोट मिळवून त्यावरून शिकवणे हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो, कारण ब्लूटूथवर चालणारे पुष्कळ टीव्ही इन्फ्रारेड आज्ञाही स्वीकारतात.

ठिपका दिसत असूनही बटण शिकले जात नसेल, तर दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घालावेत, त्यांची टोके समोरासमोर काही सेंटिमीटरवर ठेवावीत, अंतर थोडे कमी-जास्त करून पाहावे आणि थेट ऊन टाळावे.

शिकलेले बटण पहिल्यांदा चालते, पण लगेच पुन्हा दाबल्यास टीव्ही दाद देत नाही, ही तक्रार वेगळी आहे. आरसी-५ सारख्या इन्फ्रारेड संकेत-पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाबरोबर संकेतातील एक बिट (० किंवा १ हा अंक) बदलतो; जसाच्या तसा साठवलेला संकेत मात्र तोच राहतो, म्हणून टीव्हीला बटण दाबूनच धरल्यासारखे वाटते. मध्ये दुसरे एखादे बटण दाबल्यावर ते चालू लागले, तर शिकवण्याऐवजी लर्निंग रिमोटमध्ये त्या टीव्हीसाठी आधीच साठवलेला तयार कोड निवडावा.