शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे कुठल्या खात्यात जाणार?

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फॉर्म भरणं अवघड नाही. मंजूर झालेले पैसे हातात पडणं अवघड आहे, आणि नेमकं तेच कुणी धड सांगत नाही. नेटकॅफेवाला ‘सबमिट झालं’ म्हणून पावती हातात देतो आणि मोकळा होतो.

कागदपत्रांची यादी सगळ्यांना पाठ असते, तरी एक सांगतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही. त्यावरची मुदत वाचा. बरेच दाखले ३१ मार्चलाच संपतात, त्यामुळे मार्चात घाई करू नका आणि जुलैत सेतूतल्या झुंबडीतही सापडू नका. एप्रिल-मे बरा.

योजना निवडताना शेजारच्या पोरानं काय भरलं ते बघू नका. खुल्या प्रवर्गात असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना. अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक. तिथं मर्यादा अडीच लाखांची. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. आणि ‘माफ आहे’ म्हणून फॉर्म न भरता बसू नका, भरावाच लागतो.

आता खरी गोम. फॉर्मसोबत तुम्ही कुठल्याही पासबुकाची झेरॉक्स जोडा, डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधार नंबरवरून जातात. एनपीसीआय ही बँकांमधले व्यवहार चालवणारी संस्था; तिच्या यादीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव असेल, त्याच बँकेत ते पडतात. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते आणि शेवटी जोडलेली बँक आधीचीला बाजूला सारते. माण-खटावकडच्या पोरांचं बघा. एक खातं शाळेत असताना काढलेलं, एक गावातल्या बँकेत, एक कॉलेजला आल्यावर साताऱ्यात, आणि एखादं सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन परस्पर उघडलेलं. पैसे त्या चौथ्यात जाऊन बसतात आणि पोरगं पहिल्या तिघांच्या पासबुकात एन्ट्री मारत फिरतं. या भानगडीनं मलाही भरपूर दमवलंय.

बँकेत गेलात की काउंटरवरून उत्तर येतं, ‘आधार लिंक आहे की तुमचं!’ त्यावर विश्वास ठेवू नका. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग करणं, म्हणजे एनपीसीआयच्या यादीत ती बँक नोंदवणं, वेगळं. ‘एनपीसीआय मॅपिंगसाठी संमतीचा फॉर्म द्या’ असंच म्हणा. भरून दिलात की पोच घ्या. साहेब नाराज झाले तरी घ्या.

नंतर आठवडाभर थांबून यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर आधार नंबर टाका. मोबाइलवर ओटीपी येईल. मग ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. तिथं बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ असं दिसलं तरच काम झालं. बँकेचं नाव भलतंच असेल तर पुन्हा बँकेत जा. आधारला मोबाइल नंबरच जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, म्हणून ते आधार केंद्रात आधी उरका.

शाळेत काढलेलं खातं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर आणखी एक फास असतो. त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर ठेवता येत नाही. इंजिनिअरिंगच्या फीची रक्कम अशा खात्यावर अडकू शकते. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

हे सगळं फॉर्म भरायच्या आधी करा. हप्ता सुटल्यावर नव्हे.

पुढचं सोपं आहे. अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे जातो. त्यांनी ‘सेंड बॅक’ केला तर कारण वाचून त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवा. पोर्टलवर लॉगिन करून स्टेटस बघत राहा, मेसेजची वाट बघू नका. दुसऱ्या वर्षी रिन्युअल आपोआप झालं असं धरून बसू नका.

पैसे यायला वेळ लागतोच. दरम्यान मेसचं बिल भागवायचं असेल तर कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ची, म्हणजे शिकता शिकता काम करून पैसे मिळवायच्या योजनेची, चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात ते विचारायला लाजायचं कारण नाही, पण जागा थोड्या असतात, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विचारा.